कशाने धुवावं

जुन्या बाजारातून गोणीत घालून आणलेलं इंजिन
गॅलरीत उतरवताना रिक्षावाला म्हणाला,
"काकू, यात लोखंड किती आणि चिखल किती?"
तेच तर बघायचंय, म्हटलं.
जावा कशाला घेतलीस, घरात कुणी विचारलं नाही.
पुरणाचं पातेलं कुठे गेलं, हे मात्र दोनदा विचारलं.

पन्नास वर्षांचं वंगण.
वरचा थर काजळासारखा, बोटाला लगेच लागतो.
त्याखाली डांबर.
त्याखाली कुठल्याशा उन्हाळ्यातली धूळ,
एक गव्हाचा दाणा,
आणि मुंगी, सहाही पाय शाबूत.

पहिलं उत्तर रॉकेल. निळं, रेशनचं,
ज्याच्या रांगेत मी शाळेचा डबा खाल्लाय.
आता दुकानात त्याचं नाव काढलं
तर गल्ल्यावरचा पोरगा आतून आजोबांना बोलावतो.
डिझेल चालतं, पण पंपावर बाटलीत देत नाहीत.
पेट्रोलने मळ झरझर उतरतो,
पण शेजारच्या वैजूताई दिवेलागणीला तुळशीशी निरांजन लावतात,
आणि त्यांच्या-माझ्या गॅलरीत
फक्त एक जाळी आहे.

म्हणून नाना पेठेत, दस्तगीर मिस्त्रींकडे.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कॉस्टिक. रात्रभर बुडवा. सकाळी आरसा."
मी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
बाटल्यांना लेबलं लावली आहेत.
म्हटलं, मिस्त्री, लोखंडाचा आरसा होईल.
ॲल्युमिनियमचं काय होईल?

ते हसले नाहीत.
खालच्या फळीवरून एक केसिंग काढून समोर ठेवलं.
काळं, भोकाभोकांचं,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं.
"माझ्याच हातचं. ब्याऐंशी साल.
गिऱ्हाईक एक शब्द बोललं नाही,
म्हणून ठेवलंय."
मग चष्मा खाली घेतला.
"सगळ्यांना आधी कॉस्टिकच सांगतो.
जो 'बरं' म्हणतो,
त्याचं इंजिन मी स्वतः धुतो."

मला त्यांनी पावशेर रॉकेल दिलं, कुठून ते विचारू दिलं नाही,
आणि दाढीचा जुना ब्रश.

तर असं:
केसिंगला रॉकेल, मग कोमट पाणी आणि भांड्याचा साबण.
कार्ब्युरेटर जस्ताचा, त्याच्यापुढे लिंबू-चिंच काढायची नाही,
ती देवघरातल्या पितळेची औषधं.
कॉस्टिक फक्त किकच्या दांड्याला, लोखंडी बादलीत,
हातमोजे घालून, सोडा पाण्यात टाकायचा,
पाणी सोड्यावर नाही. हे मी झोपेतही सांगेन.
खिळलेल्या नटाला काहीच नाही. त्याला वेळ.

तीन रात्री घासलं.
गिअर असे निघाले, जणू कालच कुणी कापून दिले.
फडक्यावर मांडले, पंखा लावला, झोपले.
श्रावणातली हवा.
सकाळी एकूण एक दात्यावर नारिंगी लव.

इतकी वर्षं ज्याला मी मळ म्हणत होते
तो राखणदार होता, हे मला कळायला हवं होतं.
मुंगीलाही त्यानेच सांभाळलं होतं.
पुन्हा ब्रश, पुन्हा रॉकेल,
आणि मग, काही न बोलता, तेलाचा हात.
नवं, मधासारखं पिवळं तेल.
दोन पावसाळे गेले की तेही काळं पडेल.

पातेलं रिठ्याने घासलं, राखेने घासलं,
वास तसाच.
तुळशीबागेतून दुसरं आणलं, झाकणासकट,
तेव्हा कुठे घरात बोलणं सुरू झालं.
जुन्यावर मी कागदाची पट्टी चिकटवली,
प्रयोगशाळेतल्या त्याच उभ्या अक्षरात:
इंजिन. खाण्यासाठी नाही.
तारीख घातली. सही केली.